फट्ट कुठून झालं?

नाशिकमध्ये माणसाचं आडनाव लग्नपत्रिकेपुरतं लागतं. एरवी तो मायकोवाला असतो, एचएएलवाला असतो, प्रेसवाला असतो, नाहीतर महिंद्रावाला. निवृत्त होऊन तप उलटलं तरी हे बिरुद सुटत नाही. कंपनीनं स्वतःचं नाव बदललं तरी नाही. मायकोची 2008 साली रीतसर बॉश झाली. पण मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे, आणि आमच्या सिडकोतल्या कॉलनीतले मायकोवाले काका बॉशचं नाव निघालं की "ते आमच्यानंतरचे" एवढंच बोलून विषय मिटवतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की आमच्या गावात जुनी मोटारसायकल बिघडली तर तिला काय झालंय हे गाडी ठरवत नाही. बघणारा कुठून रिटायर झालाय त्यावर ते ठरतं.

गाडी माझी. 1993 सालची, शंभर सीसी, चार स्ट्रोक. कंपनीचं नाव सांगत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ निमूट चाललेल्या गाडीच्या म्हातारपणाचं खापर कारखान्यावर फोडणं बरं दिसत नाही. तिनं पचवलंय काय काय! शोरूममधून निघाली तेव्हा पेट्रोलात शिसं होतं. 2000 साली देशभर शिसं बंद झालं, तेव्हा ती बिनशिशाचं प्यायला शिकली. मग इथेनॉल आलं. आधी चवीपुरतं, 2022 मध्ये शेकडा दहा, आता वीस. म्हणजे पूर्वी ती नुसती चालायची, आता थोडी घेऊन चालते. माझ्या साडूंची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, "आमच्या द्राक्षाची माणसं पितात, उसाची गाड्या पितात. शुद्धीवर फक्त शेतकरी."

तर डिसेंबरात, म्हणजे निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी होऊन पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत, गाडीनं एक नवी खोड काढली. चोक ओढून किक मारली की सुरू. एकसुरी, शांत, काही तक्रार नाही. दोन मिनिटांनी चोक काढला, की डुग… डुग… मग एक डुग गायब… मग दोन डुग एकदम. रेस हळूहळू खाली जाणार, आता बंद पडते की काय म्हणून आपण पुढे वाकणार, तेवढ्यात गुडघ्याजवळून 'फट्ट!' आणि खरोखरच बंद. रेस पिळून धरली तर चालायची. रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगात तर बोलायची सोय नाही, इतकी छान. थांबलं, की नाटक सुरू.

चालताना ठीक आणि थांबल्यावर नाटक, हा दोष किरकोळ वाटेल. पण तो ज्यांना द्वारका सर्कलवरून जायचं नसतं त्यांना. नाशिकमध्ये गाडी चालवण्यातला मोठा भाग थांबण्याचा आहे. त्यात 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते मोठे व्हायचेत, म्हणून तूर्त ते लहान आहेत. मुंबई नाक्यावरून द्वारका गाठेपर्यंत गाडी जितका वेळ पळते, त्याहून जास्त वेळ जागेवर डुगडुगते. अशा ठिकाणी स्लो रेस न धरणारी गाडी घेऊन उभं राहायचं, तर उजवा हात रेसवर, डावा क्लचवर, आणि मागच्या रिक्षावाल्याचं "ओ काका, घ्या ना पुढं" कानावर. पुढं घ्यायला जागा नसते ती वेगळीच.

कॉलनीत पहिला वाद झाला तो फट्ट नेमकं कुठून झालं यावर. हा वाद वाटतो तितका रिकामटेकडा नाही. सगळं निदान त्यावर उभं असतं. मागून, सायलेन्सरातून फट्ट झालं तर त्याचा अर्थ एवढाच, की न जळलेलं पेट्रोल नळीत गेलं आणि तिथल्या उष्णतेनं पेटलं. कसाऱ्याचा घाट उतरताना रेस सोडून दिली की पुष्कळ जुन्या गाड्या हे करतात. त्यानं फार तर मागचा सायकलवाला दचकतो. पण फट्ट पुढून, कार्बोरेटरातून झालं असेल तर मामला उलटा. सिलिंडरातला जाळ बाहेर जायच्या वाटेनं न जाता आत यायच्या वाटेनं परत आला. ठिणगी भलत्या वेळी पडली तर असं होतं. टॅपेट टाइट राहून इनलेटचा व्हॉल्व्ह पुरता मिटला नाही, तरी होतं. पण बहुतेक वेळा गुन्हेगार निघतं ते मिक्चर: हवा जास्त, पेट्रोल कमी. वजनानं एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, हा पुस्तकातला हिशेब. थंड इंजिनाला आणि स्लो रेसला पेट्रोल त्याहून थोडं जास्तच लागतं. ते मिळालं नाही तर मिक्चर पेटतं, पण रेंगाळत जळतं. इतकं रेंगाळतं, की पुढचा घास घ्यायला इनलेटचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत अजून जाळ शिल्लक असतो. दार उघडं दिसल्यावर तो कार्बोरेटरकडे पळणारच.

माझ्या मते आवाज पुढून होता. मायकोवाल्या काकांच्याही मते पुढून. समोरच्या बिल्डिंगमधले एचएएलवाले काका म्हणाले, "मत नको, पुरावा द्या." त्यांनी मला किक मारायला लावली, स्वतः सायलेन्सरामागे हात धरून उकिडवे बसले आणि प्रेसवाल्या मामांना कार्बोरेटरपाशी कान न्यायला सांगितला. फट्ट झालं. मामा उडाले. एचएएलवाले काका शांतपणे उठले आणि म्हणाले, "पुढून."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजकुमार खाली आला. त्याच्याकडे नवी मोटारसायकल आहे आणि तिच्यातून फटाके वाजावेत म्हणून त्यानं वडिलांच्या नकळत चांगले पैसे मोडून वेगळा सायलेन्सर बसवला आहे. असे सायलेन्सर जप्त करून पोलीस त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यानं माझी गाडी ऐकली आणि अत्यंत आदरानं विचारलं, "काका, हा साउंड कुठून करून घेतला?" मी म्हटलं, "आपोआप आला." त्याला ते पटलं नाही. मोठी माणसं चांगल्या गॅरेजचा पत्ता सांगत नाहीत, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

तपासाची सूत्रं अर्थातच मायकोवाल्या काकांनी घेतली. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं डिझेलच्या नोझलवर काढली. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. दोन-चार मायक्रॉनच्या पुढे गेलं की माल बाद. असा माणूस पेट्रोलच्या कार्बोरेटरकडे बघतो, तेव्हा शास्त्रीय गवयानं लग्नातला बँड ऐकावा तसा त्याचा चेहरा होतो. "जेट चोकअप," ते गाडीला हात न लावताच म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही."

कार्बोरेटर उतरला. खालची वाटी काढली. तळाशी गंजाचा बारीक गाळ होता, तो त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवला. मग बारक्या पेचकसनं पायलट जेट बाहेर काढला. पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा तुकडा. स्लो रेसचं सगळं पेट्रोल याच्यातल्या भोकातून येतं, आणि ते भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. काकांनी एक डोळा मिटून तो आभाळाकडे धरला. "यातून आभाळ गोल दिसलं पाहिजे. नुसतं दिसून उपयोग नाही, गोल." मी साफ करायला सेफ्टी पिन पुढे केली. काका असे गरजले, की वरच्या गॅलरीत दोन खिडक्या उघडल्या. "पितळ आहे ते! पिननं भोक मोठं होतं! हवा मारायची, क्लीनर मारायचा, तार नाही घालायची! आमच्याकडे नोझलला तार लावली असती ना कोणी, तर गेटपास घेतला असता त्याचा!" यात ते शंभर टक्के बरोबर होते. पिनेनं साफ केलेले जेट पुढे आयुष्यभर पेट्रोल पितात, आणि पिन घालणारा पंपवाल्यावर संशय घेत फिरतो.

जेट स्वच्छ झाला, आभाळ गोल दिसलं, कार्बोरेटर परत चढला. चोक काढला. डुग… डुग… फट्ट.

काका अजिबात हलले नाहीत. "म्हणजे नोझलमध्ये नाही, नोझलच्या आधी आहे," असं म्हणून ते पेट्रोलच्या कॉककडे वळले. कॉकची जाळी झाली, मग टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक झालं. ते बुजलं तर टाकीतून पेट्रोल उतरत नाही, गाडी थोडी चालून आचके देते. पण मग ती रस्त्यावरही देईल. हे मी बोललो नाही. काकांच्या हातात पेचकस होता.

एचएएलवाल्या काकांची पद्धत वेगळी. ओझरला 1964 पासून विमानांचा कारखाना आहे. काका मिग-21 वर लागले आणि सुखोईवर निवृत्त झाले. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप समारंभ झाला, तो त्यांनी टीव्हीवर इस्त्रीचा शर्ट घालून पाहिला. अशा माणसाला 'गाडी बंद पडते' हे वाक्य पुरत नाही. त्यांनी जुन्या कालनिर्णयच्या पानामागे रकाने आखले: तारीख, स्नॅग, कारवाई, परिणाम, सही. "कधी होतं? थंड असताना की गरम? चोकवर होतं का? किती वेळानं होतं? आणि सगळ्यांनी ऐका: एका वेळी एकच बदल. एक काम करायचं, सुरू करून बघायचं, लिहायचं. मग दुसरं."

निदानाच्या शास्त्रात याहून मोठं वाक्य नाही. आणि आमच्या कॉलनीत याहून अशक्य वाक्यही नाही. पुढे ते म्हणाले, "शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. हवेची घनता…"

"गाडी 1993 पासून याच उंचीवर आहे," मायकोवाले काका टाकीत डोकं घालूनच बोलले. "आणि तुम्ही इंजिनाबद्दल काय सांगता? इंजिनं तुमच्याकडे बनायचीच नाहीत. कोरापूटहून यायची."

हे खरं होतं. मिगचं इंजिन ओडिशातल्या कोरापूटच्या कारखान्यात व्हायचं, ओझरला विमानाचा सांगाडा आणि जुळणी. पण खरं असलं म्हणून चारचौघांत बोलायचं नसतं. एचएएलवाले काका काही क्षण गप्प राहिले, मग त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

प्रेसवाले मामा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधले. 1928 पासून तिथे नोटा छापतात, आणि तिथून बाहेर पडलेल्या माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात, खऱ्या आणि बनावट. त्यांनी प्लग मागितला. प्लगच्या टोकाचा रंग पाहून इंजिनाच्या पोटातलं कळतं, हे गॅरेजमधल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं: काळाकुट्ट म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक. आमचा प्लग पांढरा होता. मी तसं म्हटलं.

"पांढरा?" मामांनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्लग उन्हात तिरका धरला. "हा पांढरा नाही. हा फिकट करडा, त्यात निळसर झाक." रंगावर अर्धा तास गेला. शेवटी पांढऱ्याकडे झुकणारा करडा यावर एकमत झालं, पण तोवर मामांचं लक्ष प्लगच्या रिकाम्या खोक्याकडे गेलं होतं. खोक्यावरचं चमकतं लेबल त्यांनी नखानं खरवडलं. "डुप्लिकेट आहे. होलोग्राम हलत नाही." आणि त्यांनी, कोणाला न विचारता, खिशात घालून आणलेला स्वतःच्या स्कूटरचा प्लग माझ्या गाडीला बसवला.

त्याच सुमारास मायकोवाल्या काकांनी हवेचा स्क्रू पूर्ण आत पिळून दीड आटा बाहेर काढला होता, आणि मी टॅपेटचं झाकण उघडून फीलर गेजची पट्टी शोधत होतो. एचएएलवाले काका चहा सांगायला गेले होते. परत आले तेव्हा तीन माणसांनी तीन बदल केले होते आणि रकाना रिकामा होता. गाडी सुरू केली. थोडी बरी वाटली. मग फट्ट. "आता ती 'थोडी बरी' कशानं वाटली, सांगा!" काकांनी कागदाची घडी घातली. टॅपेट ठीक होते. प्लग मामांनी परत घेतला.

चहा घेऊन मायकोवाल्या काकू आल्या. कप वाटता वाटता त्यांनी विचारलं, "चोक म्हणजे काय करतो हो तो?"

"हवा अडवतो," मायकोवाले काका म्हणाले.

"मग हवा अडवली की नीट चालते आणि सोडली की फट्ट करते, तर हवाच जास्त होतेय ना? कुठून तरी घुसत असेल."

सगळ्यांनी चहा चांगला झालाय असं सांगितलं. काकूंनी कुठल्याच कंपनीत नोकरी केलेली नव्हती, पेन्शन नव्हती, त्यामुळे म्हणणं रेकॉर्डवर घ्यायची पद्धत नव्हती.

गॅरेजला नेली नाही असं नाही. पहिल्या गॅरेजातले मिस्त्री अनुभवी. त्यांनी गाडी सुरू करून चोक काढला, फट्ट ऐकलं, आणि कार्बोरेटरच्या बाजूचा स्लो रेसचा स्क्रू पिळला. रेस वाढली. गाडी बंद पडेना. "झालं," ते म्हणाले. सिग्नलला उभं राहिल्यावर गाडी अशी किंचाळायची, की शेजारचे लोक शर्यत लागली समजून हेल्मेट नीट करायचे. क्लच सोडायच्या आत ती पुढे निघायची. स्लो रेसचा रोग झाकायचा असेल तर रेसच स्लो ठेवायची नाही, हे तत्त्व मात्र आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि ते गॅरेजपुरतं नाही.

दुसरं वर्कशॉप चकाचक होतं. तिथल्या मुलानं हातात स्कॅनर घेऊन गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "सर, वायर कुठं जोडायची?" त्याचाही काही दोष नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि बिघाड झाला तर तोच आकड्यांत सांगतो. त्या मुलानं कार्बोरेटर फक्त आयटीआयमध्ये, मधोमध कापून रंगवलेल्या मॉडेलवर पाहिला होता. माझा त्यानं मोबाइलवर फोटो काढून घेतला. कार्बोरेटरचा.

रविवारी साडू आले. त्यांना ऐन हंगामात बाग सोडून शहरात यायला आवडत नाही. बँकेचं काम होतं म्हणून आले. खाली कॉलनीत माणसं जमलेली बघून त्यांना वाटलं मयत झाली. तसं नाही कळल्यावर ते गाडीजवळ गेले, गुडघ्यावर बसले आणि नुसते ऐकत राहिले. द्राक्षबागायतदाराचं आयुष्य पाइपांत जातं. ठिबकच्या मैलभर नळ्यांतून कुठे बोटभर गळती लागली तर ओळीच्या टोकाची वेल सांगते. आणि मोटार हवा घ्यायला लागली तर तिचा आवाज रात्री झोपेतून उठवतो.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ही हवा घेती."

"जेट साफ केलाय," मायकोवाले काका म्हणाले.

"जेटातून नाही हो. जेट म्हणजे आमचा ड्रिपर. ड्रिपर साफ असून काय करता, मेन लाइनच फुटली असंल तर? वहिनी, इस्त्रीची पाण्याची बाटली आहे का? तीच, फुस्स फुस्सवाली."

ती आली. आता जे झालं ते जवळून बघण्यासारखं होतं. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये एक रबरी तुकडा असतो, चार बोटांचा, गॅरेजात त्याला मेनफोल्ड म्हणतात. वरून तो नवाकोरा दिसत होता. गाडी थंड होती. साडूंनी चोक काढला, रेस खाली जाऊ दिली, आणि ती डुग… डुग करायला लागल्याबरोबर बाटलीचं तोंड रबराखाली नेऊन एकच फवारा मारला. डुगडुगडुगडुग. एकसुरी. दोन सेकंद. मग पाणी ओढलं गेलं आणि परत डुग… डुग… पुन्हा फवारा, पुन्हा सरळ. पाण्यानं चीर क्षणभर बुजत होती. साडूंनी बोट खालून फिरवलं आणि दोन्ही बाजूंनी रबर वाकवलं; खालच्या अंगाला, जिथे कोणाचीच नजर जात नाही तिथे, नखभर लांबीची भेग तोंड उघडून बसली होती. उन्हानं, इंजिनाच्या धगीनं आणि तीस वर्षांच्या पेट्रोलच्या वाफेनं रबर लाकडासारखं कडक झालं होतं. थंडीत ते आणखी आखडायचं.

आणि मग सगळंच जुळलं. स्लो रेसला कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन हवेसाठी जिवाच्या आकांतानं ओढत असतं; तेव्हा एवढीशी भेगही चोरवाट होते, आणि तिथून येणाऱ्या हवेबरोबर पेट्रोलाचा थेंब नसतो. रेस पिळली की मोठं दार उघडतं, चोरवाटेनं येणारी हवा हिशेबात राहत नाही, म्हणून रस्त्यावर गाडी छान. चोक ओढला की हवेच्या मानानं पेट्रोल वाढतं, तूट भरून निघते, म्हणून चोकवर छान. गाडी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. (ही चाचणी पाण्यानंच करावी. काही शूर लोक पेट्रोल शिंपडून करतात. त्यांचं निदान अग्निशमन दल करतं.)

नवं रबर दुपारी आणलं. प्रेसवाल्या मामांनी पाकीट उजेडात धरून पाहिलं आणि खरं असल्याचा निर्वाळा दिला, मगच बसवू दिलं. स्क्रू परत जागेवर, दीड आट्यावर, स्लो रेस खाली. गाडी डुगडुगत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोणी बोलेना. कॉलेजकुमार वरून वाकून म्हणाला, "काका, साउंड गेला?" आणि खिडकी लावून घेतली.

संध्याकाळपर्यंत इतिहास लिहून झाला होता. मायकोवाल्या काकांच्या म्हणण्यानुसार जेट आधी साफ झाला होता म्हणूनच रबराची भेग उघडी पडली. मामांच्या मते मूळचं रबर डुप्लिकेट असणार. गाडीबरोबर कारखान्यातूनच आलेलं होतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. एचएएलवाल्या काकांनी जुनं रबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारीख टाकून, कालनिर्णयच्या पानाला टाचून ठेवलं आणि 'परिणाम' या रकान्यात 'स्नॅग क्लिअर्ड' लिहिलं. 'कारवाई' या रकान्यात काय लिहावं यावर अजून चर्चा चालू आहे, कारण तिथे इस्त्रीची बाटली लिहिलेलं त्यांना बघवत नाही.

परवा साडूंचा फोन आला. बागेत फवारणीला लावतात तो ट्रॅक्टर रेस धरत नाही, खाली-वर करतो, मधेच आचका देतो. गडी चालवतो, त्याला विचारलं तर तो म्हणतो ट्रॅक्टरला विचारा. मी सहज खाली बोललो. मायकोवाल्या काकांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेलं तेज आलं. "ट्रॅक्टर," ते सावकाश म्हणाले, "डिझेलवर चालतो. डिझेलला नोझल असतात." त्यांनी आपली लाकडी पेटी माळ्यावरून काढली. एचएएलवाल्या काकांनी नवीन पान आखलं आणि दिंडोरीची उंची किती ते मला शोधायला लावलं. मामा म्हणाले, नोझल बदलले तर पाकिटं फेकू नका म्हणावं.

आज सकाळी एचएएलवाल्या काकांच्या गाडीत सगळे बसलो. काकूंनाही तिथून पुढे वणीला देवीचं दर्शन घ्यायचं होतं म्हणून त्या पुढच्या सीटवर. गाडी सुरू झाली तशा त्या वळून मला म्हणाल्या, "अरे, निघायच्या आधी एवढं विचार ना त्यांना, ट्रॅक्टरमध्ये डिझेल पुरेसं आहे का? टाकी तळाला गेली की तोही हवाच घेत असेल."

मागे कोणी काही बोललं नाही. मी फोन लावला, विचारलं. पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग साडू म्हणाले, "थांबा पाव्हणं. बघून सांगतो."